मानसिक आरोग्याचा निधी कसा मागायचा: सीमाभागातल्या आशा, नर्स आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी किंवा बेळगाव तालुक्यात तुम्ही आशा असाल, पीएचसीत नर्स असाल, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कंत्राटावर समुपदेशक किंवा सोशल वर्कर असाल आणि संघटनेच्या कामात नुकतेच आला असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे. ‘निधी वाढवा, न्याय द्या’ अशी निवेदनं जिल्हाधिकारी कार्यालयात रोज येतात, इनवर्ड नंबर पडतो आणि फाइल बंद होते. पुढे सरकते ती फाइल, जिच्यात कुठलं पद रिकामं आहे, कुठली गोळी कधीपासून नाही आणि कुणाचा पगार किती महिने थकलाय हे लिहिलेलं असतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. रुग्णाच्या गोळीची मागणी आणि कर्मचाऱ्याच्या पगाराची मागणी वेगवेगळ्या कागदांवर लिहू नका. मानसिक आरोग्य सेवेला मोठी यंत्रं लागत नाहीत, ऑपरेशन थिएटर लागत नाही. लागतो तो दर महिन्याला परत येणारा ओळखीचा माणूस आणि न तुटणारा गोळ्यांचा साठा. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला तीन वर्षं सांभाळलेली नर्स कंत्राट संपून गेली, की नव्या माणसापुढे तो रुग्ण तोंड उघडायलाच पुन्हा कित्येक महिने लागतात. म्हणून तिची नोकरी टिकवणं हाच त्याच्या उपचाराचा भाग आहे. अधिकारी या दोन मागण्या वेगळ्या करू पाहतात, ‘रुग्णांचं बोला, पगाराचं नंतर बघू’ म्हणतात. तिथे ठाम राहायचं.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घ्या

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. तो गावापर्यंत कसा न्यायचा याचा धडा मात्र आपल्याच राज्यात, बळ्ळारी जिल्ह्यात गिरवला गेला. १९८०च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं तिथल्या पीएचसीचे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी यांना प्रशिक्षण देऊन मनोरुग्णांवर गावाजवळच उपचार करून दाखवले. त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, म्हणजे आपण ज्याला डीएमएचपी म्हणतो तो, देशात सुरू झाला. अधिकाऱ्यांसमोर बसाल तेव्हा हे जरूर सांगा. देशाला ही वाट कर्नाटकानं दाखवली, मग कर्नाटकातल्याच एका मोठ्या जिल्ह्यात ती अर्धवट का राहावी, हा प्रश्न विचारायचा आपला हक्क आहे.

डीएमएचपीचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, एनएचएममधून येतो. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. जिल्हा आपला आराखडा राज्याकडे पाठवतो, राज्य तो आपल्या पीआयपीमध्ये, म्हणजे कार्यक्रम अंमलबजावणीच्या आराखड्यात, घालून केंद्राकडे नेतं आणि मंजूर झालेल्या रकमा आरओपी नावाच्या दस्तऐवजात छापल्या जातात. हा आरओपी नवख्या कार्यकर्त्यानं एकदा तरी उघडून बघावा. त्यात मानसिक आरोग्याची ओळ शोधा आणि किती मागितले, किती मंजूर झाले हे दोन आकडे वहीत उतरवून घ्या. खर्च किती झाला हा तिसरा आकडा त्यात नसतो, तो माहिती अधिकारातून काढावा लागतो. बऱ्याचदा सगळ्यात महत्त्वाचा तोच असतो, कारण मंजूर पैसा पद न भरल्यामुळे तसाच पडून राहतो आणि पुढच्या वर्षी ‘तुम्हाला गरजच नव्हती’ असं म्हणून कापला जातो.

आता एक हिशेब मांडू. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत एका जिल्ह्याला या कार्यक्रमासाठी वर्षाला ८३.२० लाख रुपयांपर्यंत मदत सांगितली आहे. २०११च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४७.८ लाख होती. भागाकार केला तर माणशी वर्षाला पावणेदोन रुपयेही होत नाहीत. जिल्हा लहान असो की पंधरा तालुक्यांचा, मर्यादा जिल्ह्यामागे धरलेली. निवेदनाच्या पहिल्या परिच्छेदात हा हिशेब टाका. आमदाराला, पत्रकाराला, ग्रामपंचायतीच्या सदस्याला तो लगेच कळतो.

कार्यक्रमाच्या चमूत मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, मानसोपचार नर्स, कम्युनिटी नर्स, देखरेख अधिकारी, केस रजिस्ट्री सहायक आणि एक मदतनीस धरलेले आहेत. ही यादी पाठ करा. तुमच्या जिल्ह्यात यातली किती पदं भरलेली, किती रिकामी, किती जण कायम आणि किती कंत्राटी, हाच तुमचा पहिला तक्ता.

याशिवाय राज्याचा ‘मनोचैतन्य’ कार्यक्रम आहे. मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुका रुग्णालयात येतात, तो हा. कल्पना चांगली आहे, पण तुमच्या तालुक्याला महिन्यात प्रत्यक्षात किती मंगळवार मिळतात ते मोजायला हवं. पंधरा तालुक्यांना एकच डॉक्टर फिरवला तर एका तालुक्याची पाळी साडेतीन महिन्यांनी येईल. बेळगाव शहरात बीम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. पण कणकुंबीच्या माणसाला धारवाड म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून केलेला प्रवास. निपाणी-कागवाडकडची माणसं मिरज-कोल्हापूरला जातात, खिशातून खर्च करतात आणि इथल्या सरकारच्या आकडेवारीत ती कुठेच दिसत नाहीत. ही माणसं आपल्या तक्त्यात यायला हवीत.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा तुमच्या पिशवीत कायम असू द्या. सगळा वाचायची गरज नाही, चार कलमं पुरेत.

कलम १८ सांगतं की परवडणारी, चांगल्या दर्जाची, घरापासून फार दूर नसलेली मानसिक आरोग्य सेवा सरकारकडून मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि ती रुग्णाला व त्याच्या घरच्यांना रुचेल अशा पद्धतीनं द्यायची आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना उपचार मोफत. अत्यावश्यक यादीतली मानसोपचाराची औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत आणि कायम उपलब्ध असायला हवीत. जिल्ह्यात किमान सेवा नसेल तर दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारवर पडतो.

कलम ३१ आपल्या संघटनेसाठी सोन्याचं आहे आणि त्याकडे फारच कमी लोकांचं लक्ष जातं. लोकसंख्येच्या मानानं मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचा प्रयत्न कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत करायचा, असं ते सरकारला सांगतं. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. म्हणजे मुदत २०२८ ला संपते. रिकाम्या पदांच्या तक्त्याखाली ही तारीख लिहा.

कलम २३ आणि २४ मात्र आपल्यावरच बंधन घालतात. रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा आजाराची माहिती माध्यमांना द्यायची नाही. आंदोलनात रुग्णाला पुढे बसवून फोटो काढायचा मोह होतो. तो टाळाच. गाव लहान असतं, पेपरात फोटो आला की त्या घरातल्या मुलीचं लग्न मोडतं, मुलाची नोकरी जाते. कहाणी सांगायचीच असेल तर गाव, वय, जात, आडनाव सगळं काढून सांगा.

माहिती गोळा करणं: खरा घाम इथे गाळायचा

आशाताई घरोघरी जाऊन सीबॅक, म्हणजे आजारांच्या प्राथमिक तपासणीचा, फॉर्म भरतात. बीपी, शुगर, तंबाखूचे प्रश्न झाले की मनाबद्दलचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, मन उदास राहिलं, असं किती वेळा झालं? जांबोटीकडच्या एखाद्या गावात भातलावणीच्या दिवसांत हा प्रश्न विचारून बघा. बाई चिखलाचे पाय पुसत उंबऱ्यावर बसते आणि म्हणते, “मन कसलं गं ताई, लावणी उरकू दे आधी.” पण तुम्ही घाई न करता बसून राहिलात, तर थोड्या वेळानं तीच सांगते की रात्र रात्र झोप नाही, मागच्या वर्षी नवऱ्यानं औषध प्यायलं होतं. आता फॉर्मवर खूण केली. पुढे काय? उपकेंद्रातल्या सीएचओकडे, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे, पाठवायचं, तिथून पीएचसी, तिथून मंगळवारची ओपीडी. या साखळीत नेमकं कुठे तुटतं हे त्या आशाताईइतकं कुणालाच माहीत नसतं. फॉर्म भरल्यावर ‘पुढे कुणी बघितलंच नाही’ असं जेव्हा होतं तेव्हा बाईचा विश्वास जातो आणि तो आशाताईवरचा जातो, खात्यावरचा नाही.

म्हणून संघटनेची एक साधी वही ठेवा. प्रत्येक पीएचसीमागे एक पान आणि त्यात चार रकाने: या महिन्यात किती जणांना पुढे पाठवलं, किती जण प्रत्यक्ष तपासले गेले, कुठली गोळी नव्हती आणि किती दिवस, कुठलं पद रिकामं. रुग्णाचं नाव कुठेही नको, आकडा बस. औषधांचं लिहिताना ‘गोळ्या नाहीत’ असं मोघम नको. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, फ्लूओक्सेटिन, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट, फिनोबार्बिटोन अशी नावं लिहा. फार्मासिस्टला विश्वासात घ्या, तोही बहुधा कंत्राटीच असतो. रुग्णाला ‘बाहेरून आणा’ असं सांगावं लागतं तेव्हा शिव्या त्यालाच खाव्या लागतात. अशा तीन महिन्यांच्या नोंदी हातात असल्या की तुमचं म्हणणं कुणी ‘तक्रारखोर बायका’ म्हणून उडवून लावू शकत नाही.

राष्ट्रीय पातळीचा आकडा हवा असेल तर निम्हान्सनं केलेलं २०१५-१६चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण वापरा. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि सर्रास आढळणाऱ्या आजारांमध्ये सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर होते. पण हे आकडे निवेदनात एकाच ओळीत टाका. वजन तुमच्या वहीलाच जास्त आहे.

सरकारकडची माहिती माहिती अधिकारातून मागवा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. इथे नवखे दोन ठिकाणी अडकतात. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द. पदं, औषधं आणि खर्च एकाच अर्जात मागितलं की अर्ज परत येतो, म्हणून तीन अर्ज तीन जणांच्या नावानं टाका. दुसरं म्हणजे भाषा. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत चालतो, म्हणजे आपल्याकडे कन्नडमध्ये. मराठीत टाकलात तर परत पाठवायला त्यांना निमित्त मिळतं. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याला साधं विचारा: ‘मागच्या आर्थिक वर्षात डीएमएचपीसाठी मंजूर रक्कम, प्राप्त रक्कम आणि झालेला खर्च, बाबनिहाय.’ एवढंच. उत्तर आलं नाही किंवा गोलमाल आलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. अपिलाला फार लोक जात नाहीत, आणि हे अधिकाऱ्यांना पक्कं माहीत असतं.

संघटना: आहे तिच्यात जा किंवा नवी उभी करा

आपल्या भागाला हे नवीन नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींत आणि विडीच्या कामात राबणाऱ्या बायकांनी १९८०च्या सुमारास प्रा. सुभाष जोशींसोबत संघटना बांधली, आणि १९८१ मध्ये तंबाखू शेतकऱ्यांचं मोठं आंदोलनही निपाणीतच झालं. त्या बायकांकडे नेमणूकपत्र नव्हतं, हजेरीचा धड कागद नव्हता. आपल्याकडे निदान हजेरी वही आहे.

आशांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या संघटना जिल्ह्यात आहेत. तिथे आधी जाऊन बसा, त्यांच्या मासिक बैठकीत मानसिक आरोग्याचा विषय मांडा. डीएमएचपीचे कर्मचारी संख्येनं इतके थोडे असतात की एकटी त्यांची संघटना टिकणं कठीण, त्यांनी एनएचएमच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसोबत जावं असं माझं स्पष्ट मत आहे. नवी संघटना नोंदवायचीच असेल तर अर्जासाठी किमान सात सदस्य लागतात, आणि त्या आस्थापनेतल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातली कमी संख्या तुमची सभासद असायला हवी. १९२६चा ट्रेड युनियन कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झालाय, ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. त्यामुळे जुन्या कार्यकर्त्याकडचा जुना फॉर्म भरू नका, कामगार खात्याच्या बेळगावच्या कार्यालयातून चालू फॉर्म घ्या.

आणखी एका गटाला विसरू नका. ग्रामपंचायत पातळीवर काम करणारे पुनर्वसन कार्यकर्ते, ज्यांना सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, ते स्वतः बहुतेक अपंग असतात, मानधनावर असतात आणि गावात कुणाच्या घरात कोण कोंडून ठेवलंय हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या.

भाषेबद्दल थोडं मोकळेपणानं बोलतो. आपल्यात मराठी बोलणाऱ्या ताई आहेत, कन्नड अक्का आहेत, उर्दू बोलणाऱ्या आपा आहेत. सीमाप्रश्नाबद्दल ज्याचं त्याचं मत ज्याच्या त्याच्या मनात असू दे, संघटनेच्या व्यासपीठावर ते आणू नका. एकदा ते आलं की निधीचा विषय गेला आणि बातमी भलतीच झाली. बैठक दोन्ही भाषांत चालवा, ठराव दोन्हीत लिहा. पण रुग्णाच्या भाषेचा मुद्दा मात्र अजिबात सोडू नका. समुपदेशन हे बोलण्यावरच चालतं. खानापूरच्या डोंगरातली बाई आपलं दुःख मराठीतच सांगणार, रामदुर्गची बाई कन्नडमध्येच. ज्या तालुक्यात ज्या भाषेचे रुग्ण त्या भाषेत बोलू शकणारा समुपदेशक द्या, ही मागणी कलम १८ मधल्या ‘रुग्णाला रुचेल अशा पद्धतीनं’ या तरतुदीला धरून आहे. ती दोन्ही भाषिकांच्या सह्यांनी गेली तर तिच्यावर कुणालाही बोट ठेवता येत नाही.

निवेदन लिहिताना

राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे गाऱ्हाणं मांडणारं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं, म्हणजे मराठीत देणं हा तुमचा हक्क आहे. व्यवहारात मात्र फाइल कन्नडमध्ये फिरते. मराठी निवेदनाला कन्नड प्रत जोडली की कारकुनाला ‘भाषांतराला पाठवलंय’ म्हणायची सोय राहत नाही.

निवेदन एका पानाचं ठेवा, तक्ता मागे जोडा. ‘आमच्या मागण्यांचा सहानुभूतीनं विचार व्हावा’ हे वाक्य काढून टाका. त्याऐवजी असं लिहा: ‘अमुक तालुका रुग्णालयात मागच्या तीन महिन्यांत मानसोपचार ओपीडी इतक्या मंगळवारी झाली नाही. सोशल वर्करचं पद अमुक तारखेपासून रिकामं आहे. ते भरण्याची जाहिरात अमुक तारखेपर्यंत काढावी. कार्यरत कंत्राटी नर्सचा अमुक महिन्यांचा थकलेला पगार त्याच तारखेपर्यंत द्यावा.’ प्रत्येक मागणीपुढे ती कुणाच्या अधिकारात आहे ते लिहा. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे पद निर्माण करायची मागणी करून उपयोग नाही, ते राज्याचं काम. पण ओपीडीची खोली, बसायला बाकडी, आरोग्य रक्षा समितीतून होणारा छोटा खर्च हे स्थानिक पातळीवर होतं. छोटी मागणी लवकर मान्य झाली की सभासदांना हुरूप येतो.

पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. सही, शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर, चारही.

कुठे आणि कधी

वेळ चुकली की चांगलं निवेदनही वाया जातं. नवं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, पण जिल्ह्याचा आराखडा त्याच्या कितीतरी महिने आधी तयार होतो. म्हणून दसऱ्याच्या सुमाराला तुमचा तक्ता जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर हवा. मार्चमध्ये मोर्चा काढून त्या वर्षाचं काही हलत नाही.

कर्नाटक विकास कार्यक्रमाच्या, म्हणजे केडीपीच्या, बैठकीकडे लक्ष ठेवा. तालुक्याची आणि जिल्ह्याची आढावा बैठक होते, जिल्ह्याच्या बैठकीला पालकमंत्री असतात, सगळ्या खात्यांचे अधिकारी असतात. तिथे तुम्हाला बोलता येत नाही, पण आमदाराला येतं. जिल्ह्यात विधानसभेच्या अठरा जागा आहेत. एका आमदाराला एकच प्रश्न, लेखी, दोन ओळींचा द्या. पाच प्रश्न दिले तर तो एकही विचारणार नाही.

आणि मग हिवाळी अधिवेशन. सुवर्णसौध, म्हणजे विधिमंडळाची इथली इमारत, २०१२ पासून बेळगावात आहे, आणि अधिवेशन इथे भरतं तेव्हा बंगळूरचं सगळं सरकार हलग्या-बस्तवाडच्या माळावर येतं. बंगळूरच्या फ्रीडम पार्कपर्यंत जायला आपल्याला रात्रभराचा प्रवास, इथे ते आपल्या दारात. कोंडसकोप्प आणि बस्तवाडला आंदोलनांचे तंबू लागतात, परवानगी पोलिसांकडून आधी घ्यावी लागते. शक्ती योजनेमुळे बायकांना राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसनं फुकट येता येतं, ओळखपत्र बरोबर ठेवायला सांगा. तंबूत मंत्री किंवा त्यांचा प्रतिनिधी आला तर बोलायला दोघीच असू द्या, आधी ठरवून. सगळ्या एकदम बोलल्या की मंत्री मान हलवून निघून जातात.

तुमचं स्वतःचं संरक्षण

कंत्राटी कर्मचाऱ्यांना नेहमी ऐकवलं जातं की ‘उमादेवी निकालामुळे तुम्हाला कायम करता येत नाही’. हा सर्वोच्च न्यायालयाचा २००६चा निकाल कर्नाटकातल्याच खटल्याचा. पण गोष्ट तिथे थांबलेली नाही. डिसेंबर २०२४च्या जग्गो निकालात त्याच न्यायालयानं म्हटलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करणाऱ्यांना नाकारण्यासाठी उमादेवीचा हत्यारासारखा वापर करू नये. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं २०१६च्या जगजीत सिंग निकालात आलंय. हे निकाल आपोआप कुणाला कायम करत नाहीत, वकिलाचा सल्ला लागतो. पण बैठकीत ‘कायदाच नाही’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसायचं कारण नाही. यासाठी स्वतःची कागदपत्रं घरी ठेवा: पहिलं नेमणूकपत्र, दरवर्षीची नूतनीकरणं, मध्ये दाखवलेला ब्रेक, पगार जमा झाल्याचं पासबुक. कार्यालयातली फाइल हवी तेव्हा सापडेलच असं नाही.

एजन्सीमार्फत असाल तर पीएफ खरोखर भरला जातोय का ते दर तीन महिन्यांनी उमंग ॲपवर बघा. पगारातून कापला आणि भरला नाही, असं होतं. कंत्राटदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे खात्यावर येते. बाळंतपणाच्या रजेत कंत्राटाची मुदत संपली म्हणून लाभ तोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये कविता यादव या कंत्राटी डॉक्टरांच्या खटल्यात स्पष्ट केलंय.

आशांचं दुखणं वेगळं. त्यांना कामगार म्हणायलाच सरकार तयार नाही, ‘स्वयंसेविका’ म्हणतं. योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस २०१३च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं केली होती. ती तारीख प्रत्येक निवेदनात असू द्या.

गृहभेटींच्या सुरक्षेवर नवख्यांनी विशेष लक्ष द्यावं. बहुतेक मनोरुग्ण कुणाला इजा करत नाहीत, हे गावाला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पण दारूच्या नशेतला नवरा किंवा ‘आमच्या घरची बदनामी करतेस’ म्हणून अंगावर येणारा दीर, हा धोका खरा असतो. पहिली भेट दोघींनी करावी, जाण्यापूर्वी कुणाच्या घरी जातोय ते नर्सला सांगून जावं, आणि जोडीनं जायचा प्रवासभत्ता मागणीपत्रात असावा. लैंगिक छळाच्या २०१३च्या कायद्यात कामासाठी जिथे जावं लागतं ती जागा, अगदी एखादं घरसुद्धा, कामाची जागा धरली जाते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, तीन महिन्यांच्या आत.

आणि ऐकून ऐकून आपलंही मन थकतं. एखाद्या घरातली आत्महत्या पाहून आलेली आशा दुसऱ्या दिवशी लसीकरणाला उभी असते. महिन्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञांसोबत कर्मचाऱ्यांची बैठक, अशा घटनेनंतर एक दिवसाची भरपगारी सुटी, एका समुपदेशकामागे रुग्णांची मर्यादा, या मागण्या लाजून मागे ठेवू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक रुग्णांना देतो तसा तो आपल्यासाठीही आहे.

काम बंद करायची वेळ आली तर

नव्या संहितेप्रमाणे संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही. नोटिशीची पोच जपून ठेवा. एस्माची, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याखाली संपावर बंदी घालण्याची, धमकी येईल, तेव्हा वकील आधीच ठरलेला असू द्या.

मंगळवारची ओपीडी आणि महिन्याचं इंजेक्शन मात्र बंद करू नका. ज्या रुग्णाला महिन्यातून एकदा सुई मिळते त्याची एक तारीख चुकली तर तो पुन्हा आजारी पडू शकतो, आणि त्याची भरपाई कुठल्याच वाटाघाटीत होत नाही. संपाच्या काळात इंजेक्शनसाठी कोण थांबणार याची यादी लावा आणि ती नोटिशीलाच जोडा. अहवाल, ऑनलाइन नोंदी, बैठका, इतर सर्वेक्षणं बंद ठेवता येतात, आणि वरून फोन यायला सुरुवात होते ती अहवाल थांबल्यावरच.

आश्वासन मिळाल्यावर

जानेवारी २०२५ मध्ये राज्यभरच्या आशा बंगळूरला रस्त्यावर बसल्या, आणि एप्रिलपासून महिना किमान दहा हजार रुपये देण्याचं आश्वासन मुख्यमंत्र्यांनी दिलं. तरीही त्याच वर्षी त्यांना पुन्हा आंदोलनाला उतरावं लागलं. म्हणून बैठक संपता संपता इतिवृत्त मागा, त्यावर अधिकाऱ्याची सही घ्या, आणि सही मिळेपर्यंत तंबू काढू नका.

आदेश निघाला की त्यात तीन गोष्टी आधी बघा: कुठल्या तारखेपासून लागू, पैसा कुठल्या हेडखालून, आणि ‘कंत्राटी’ व ‘बाह्यस्रोत’ हे दोन्ही प्रकार त्यात आहेत की एकच. एजन्सीमार्फतच्या सहकाऱ्यांना बाहेर ठेवणारा आदेश असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचं पत्र द्या. मग हेडखाली पैसा आला का ते विचारणारा माहिती अधिकाराचा पुढचा अर्ज, कन्नडमध्ये, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत.